ताटातले डावे-उजवे

पारंपरिक मराठी जेवण म्हटले की आज पुरणपोळी, कटाची आमटी, अळूवड्या, मसालेभात असे सणावारी पदार्थच डोळ्यांपुढे येतात आणि उपाहारगृहांतील ‘महाराष्ट्रीय थाळी’ही त्यांचीच बनलेली असते. वस्तुतः हे पदार्थ वर्षातून मोजक्या दिवशी होत. एरवीचे जेवण म्हणजे प्रदेशाप्रमाणे भाकरी किंवा भात, वरण वा आमटी, एखादी भाजी, तोंडी लावायला चटणी आणि घरी दुभते असेल तर ताक. कुटुंबाची प्रकृती ज्या अन्नावर उभी राहिली ते हे रोजचे अन्न होय. परंपरेच्या नावाने गौरव मात्र होतो तो सणाच्या अन्नाचा.

या विपर्यासाला छापील पाकशास्त्राचाही थोडा हातभार लागला असावा. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली प्रसिद्ध झाले, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० साली आले आणि १९७० साली निघालेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याच्या मापांनी कित्येक नवे संसार सावरले. तथापि जे घरोघरी सर्वांनाच येते ते लिहून ठेवण्याची निकड सहसा कोणाला वाटत नाही, शिवाय त्यातले बरेचसे लिहिताही येत नाही. ज्वारीच्या पिठात ग्लुटेन, म्हणजे गव्हाच्या कणकेला चिवटपणा देणारे प्रथिन, नसते. म्हणून कढत पाणी घालून पिठातील पिष्टालाच चिकटपणा आणावा लागतो, गोळा परातीत चांगला रगडून मळावा लागतो, थापलेली भाकरी तव्यावर टाकताच वरच्या अंगाला पाणी फिरवावे लागते आणि ते वाळण्याच्या बेतात असतानाच ती उलटावी लागते. पीठ जुने होऊन त्याची विरी गेली, म्हणजे ते एकसंध राहण्याचा गुण हरपला, की भाकरी थापतानाच चिरते, आणि त्या दिवशी पाणी किती वाढवावे हे कोणतेही माप सांगत नाही.

रोजच्या जेवणातील शहाणपण मात्र एकेका पदार्थापेक्षा त्यांच्या मांडणीत अधिक आहे. ताटात वर मध्यभागी मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, लोणचे, कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी, आमटी अशी जी वाढण्याची रीत आहे, ती शिष्टाचाराची बाब मानली जाते. पण डावीकडचे थोडे आणि उजवीकडचे पोटभर असा प्रमाणाचा धडाही त्या रीतीतच दडलेला आहे. तृणधान्यांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते आणि डाळींत ते पुरेसे असते, तर डाळींतील मेथिओनिनची उणीव धान्य भरून काढते. साहजिकच वरण-भात किंवा भाकरी-पिठले ही जोडी दोहोंपैकी कोणत्याही एकापेक्षा सकस ठरते. मटकी भिजवून मोड आणल्याने खनिजे अडवून धरणारे फायटिक आम्ल घटते व क जीवनसत्त्व वाढते, आणि जेवणात पिळलेल्या लिंबामुळे पालेभाजी व डाळीतील लोह शरीरात अधिक शोषले जाते. ही रसायने ठाऊक असल्यामुळे रीत पडली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. चव, ऋतू आणि शिवारातील उपलब्धता यांनी ती घडवली, एवढेच म्हणता येते.

आणि ही मांडणी मोडली की तेच अन्न अपुरे पडते, हे आजच्या भरडधान्यांच्या भक्तांनी विसरू नये. दख्खनमधील मुख्यतः ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा, म्हणजे नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने कातडी, पचनसंस्था व मन यांना ग्रासणारा रोग, आढळत असे. हैदराबादचे पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली त्याचा संबंध ज्वारीतील ल्युसिनच्या अधिक प्रमाणाशी जोडला. त्या उपपत्तीवर पुढे वाद झाले, पण ज्यांच्या ताटात भाकरीच्या जोडीला जेमतेम मिरचीच होती त्यांना भाकरी तारू शकली नाही, ही वस्तुस्थिती उरतेच. गरिबाघरची चटणी-भाकरी आज कौतुकाने चाखणाऱ्याच्या घरी दूध, डाळ आणि फळेही असतात.

सकस घरच्या जेवणाचे गोडवे गाताना दुसरी एक गोष्ट सोयीस्करपणे गाळली जाते, ती म्हणजे वेळ. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार देशात स्वयंपाक, धुणीभांडी, झाडलोट अशी बिनपगारी घरकामे करणाऱ्या स्त्रिया त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि ही कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे. त्यातही अशी कामे करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण सुमारे २६ टक्केच भरते. मोड आणणे, दळणाची पाखडणी, पालेभाजी निवडणे, भाकऱ्या थापणे ही सारी वेळखाऊ कामे आहेत आणि ‘आईच्या हातची चव’ या शब्दांत ती सगळी झाकली जातात.

याला एक जुना अपवाद मुंबईच्या गिरणगावात होता. गावी बायकामुले ठेवून आलेल्या गिरणी कामगारांसाठी तिथल्या स्त्रिया आपापल्या चुलीवर खाणावळी चालवीत. जेवण घरचेच असे, पण त्याचे पैसे महिन्याच्या महिन्याला मोजले जात. किराणा उधारीवर, त्यामुळे नफा सावकाराच्या घरी, अशी त्यांची कोंडी होती. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या स्त्रियांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जे मिळवून दिली आणि भाजी-भाकरी रांधणे हा पत असलेला व्यवसाय ठरला. कामगाराच्या ताटातली आमटी आणि भाकरी तीच राहिली. ती रांधणारीच्या नावाने बँकेत खाते उघडले गेले.