उतारवयातल्या जिजाऊ

12 जानेवारीला, जिजाऊंच्या जयंतीला, सिंदखेडराजात पाय ठेवायला जागा नसते. फेटे बांधलेल्या पोरी, पुस्तकांची दुकानं, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी ‘जय जिजाऊ’. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात हा नमस्कार इतका रुळलाय की फोन उचलला तरी तोच कानी पडतो. ‘जय जिजाऊ, जय शिवराय’ या घोषणेत आधी आईचं नाव, मग लेकाचं. हा क्रम पूर्वापार नाही.

शाहीर तुळशीदासानं सिंहगडाच्या पोवाड्यात आऊसाहेबांना, म्हणजे जिजाऊंना, शिवाजीराजांबरोबर सोंगट्या खेळायला बसवलं. डाव जिंकून त्या कोंढाणा, म्हणजेच सिंहगड, मागतात. कोंढाणा घेतला 1670 मध्ये, जिजाऊंचा जन्म 1598 चा. म्हणजे हट्टाला पेटलेली ही बाई बहात्तर वर्षांची! प्रसंग खरा की रचलेला, ते इतिहासकार बघतील. शाहिराला त्या वयाचं वावगं वाटलं नाही, हे मला मोलाचं वाटतं.

पुढे 1869 मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या पोवाड्यात मुलाला घडवणारी आई उभी केली. शाळेच्या पुस्तकांनी मात्र तिला गोष्टी सांगण्यापुरतं ठेवलं. शिवबा मोठा झाला की धड्यातून आई गायब. 1990 मध्ये मराठा सेवा संघ निघाला, सिंदखेडराजाचा सोहळा वाढत गेला आणि ‘शिवरायांचे गुरू कोण’ हा वाद पेटला. त्याच वादातून 2010 मध्ये पुण्याच्या लाल महालातून दादोजी कोंडदेवांचा पुतळा हलवला गेला. वादात जिजाऊंना मानाची जागा मिळाली खरी, पण तीही लहान शिवबाच्या शेजारचीच. कॅलेंडरवर त्यांचा एक केस पांढरा दिसायचा नाही.

वास्तविक त्यांच्या आयुष्याचं वजन पुढच्या वर्षांत आहे. 1629 मध्ये दौलताबादेत वडील लखुजीराव मुला-नातवासह मारले गेले, तेव्हा शिवराय पोटात होते. पुढे थोरला मुलगा संभाजी कनकगिरीला पडला. 1664 मध्ये पती शहाजीराजे गेले. सती जायला निघालेल्या आईला राजांनी महत्प्रयासानं थांबवलं. त्या थांबल्या म्हणूनच दोन वर्षांनी, राजे आग्र्यात अडकले असताना, राज्य सांभाळायला घरचं माणूस होतं. वतनाच्या तंट्यांत त्यांनी धाडलेली पत्रंही आहेत. त्यांत अंगाई नाही, हुकूम आहे.

म्हातारपणी रायगडाची हवा सोसेना म्हणून राजांनी पायथ्याला पाचाडात वाडा बांधून दिला. तिथल्या विहिरीला दगडी तक्क्या आहे. आऊसाहेब तिथं टेकून बसत, पाण्याला आलेल्या बायकांशी बोलत, असं सांगतात. 6 जून 1674 ला राज्याभिषेक झाला आणि 17 जूनला त्या गेल्या.

पुढच्या जयंतीला एखाद्या शाहिरानं आग्र्याचं वर्ष घ्यावं. राजे कैदेत, वाटेवर मोगलांची ठाणी, आणि अडुसष्ट वर्षांच्या आऊसाहेब कारभार पाहतायत. तुळशीदासानं वाट घालून ठेवलेली आहेच.