पटावरचे नाव

आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसरच्या वाटेने इंदापूरकडे निघते, तेव्हा मीही चार पावले बरोबर चालतो. दिंडीत कोणी अनोळखी आला की म्हातारा वारकरी त्याच्या पाया पडतो आणि तोही वारकऱ्याच्या पाया पडतो. जुना कोण, नवा कोण, हा हिशेब तिथेच मिटतो.

हे आठवायला कारण घडले. अमेरिकेतील मेथॉडिस्ट पंथात, ज्या चर्चने नवी माणसे सामावून घेतली, शिष्य घडवले, त्याचा गौरव करतात, असे वाचनात आले. प्रथा चांगलीच आहे. दार उघडे ठेवणाऱ्याचे कौतुक करायचे नाही, तर कोणाचे करायचे? पण मनात आले, आलेली माणसे मोजता येतात. सामावलेली कशी मोजावी?

हा प्रश्न मला टोचतो, कारण असा सत्कार मी स्वतः घेतला आहे. एका वर्षी ऊसतोडणीच्या हंगामात कोप्याकोप्यांतून हिंडून मी मुले शाळेत आणली. पट वाढला, शाल-श्रीफळ मिळाले. त्या मुलांत बीडकडचा एक होता. चार दिवस तो मागच्या भिंतीशी, पिशवी मांडीवर घेऊन बसला. बाकावर कोणी सरकले नाही आणि मीही कोणाला सरकायला सांगितले नाही. पाचव्या दिवशी तो आला नाही. सत्काराच्या दिवशी त्याचे नाव हिशेबात होते. तो मात्र फडात आईबरोबर मोळ्या बांधत होता. ती शाल मी अजून अंगावर घेतलेली नाही.

अशा वेळी मला रेव्हरंड टिळक आठवतात. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई आपले सोवळे सांभाळून दूर राहिल्या. पुढे नवऱ्याकडे परतल्या, तरी लगेच धर्म बदलला नाही. १९०० साली त्यांनी आपण होऊन बाप्तिस्मा घेतला. मोजणाऱ्याच्या वहीत मधली वर्षे कोरीच राहणार. पण माणूस आतून बदलतो तो अशाच कोऱ्या वर्षांत! तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे मानणाऱ्या टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, तशी न घेतलेल्यांनाही होती. दोनच वर्षांनी ते गेले. दरबार फार वाढला नाही. पण दार किती रुंद असावे, हे तो दाखवून गेला.

मग मोजूच नये काय? तसे म्हणणे ढोंगाचे होईल. पटाची काळजी नसती, तर मी कोप्यांपर्यंत गेलोच नसतो. मोजावे, गौरवही करावा. पण वर्ष उलटल्यावर, आणि नव्यालाच विचारून. ‘तू आला नाहीस त्या दिवशी कोणी चौकशी केली का? तुझ्यासाठी कोणी सरकून बसले का?’ आणि शिष्य करणाऱ्याला एवढेच विचारावे, ‘तू त्याच्याकडून काय शिकलास?’

दिवाळी सरली की आमच्याकडे कोप्या पुन्हा उभ्या राहतील. मी जाईन, नावे लिहून घेईन. मात्र आता हजेरी घेताना गैरहजर मुलाच्या नावाशी मी थांबतो, आणि शाळा सुटल्यावर फडाची वाट धरतो.