हिरव्या रंगाखाली

वस्तू जुनी झाली की तिला नवा रंग द्यावा, ही आपल्या घरांतली साधी रीत. नाताळ जवळ आला की भिंती उजळतात, खिडक्यांच्या गजांवर ब्रश फिरतो. परंतु रंग देणे म्हणजे वस्तू जपणे की तिचे काही झाकणे, हा प्रश्न मला गेल्या उन्हाळ्यात धाकट्या भावाच्या गॅलरीत पडला.

निमित्त होते आमच्या वडिलांच्या सायकलीचे. सळईच्या ब्रेकची, जड, हिरव्या रंगाची ती सायकल. एका खानावळीसाठी बाबा रोज पहाटे नाना पेठेतून मंडईला जात आणि कॅरिअरवर भाजीची पोती बांधून आणीत. त्यांच्या पश्चात ती जिन्याखाली गंजत उभी होती. ती घरीच खरवडून रंगवायची, असे भावाने ठरवले. बोहरी आळीतून तारेचा ब्रश, पाण्याचा पॉलिश पेपर, रेड ऑक्साइड आणि काळ्या इनॅमलचा डबा आला. चाके, चेन, चिमटा सुटे झाले. छर्रे रॉकेलात पडले. जुन्या रंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशाला 90 पीपीएमची मर्यादा घालणारा नियम आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. म्हणून आम्ही कोरडे न घासता ओले घासले आणि निघालेला राडा मुलांच्या हाती लागू दिला नाही.

हिरव्या रंगाखाली काळा रंग निघाला. काही ठिकाणी हिरवा रंग थेट गंजावरच चढवलेला होता. तेथे त्याचे पोपडे नुसत्या नखाने सुटले. आणि हँडलच्या खाली, जेथे नळे एकत्र येतात, तेथे पितळेने झाळलेला एक ओबडधोबड सांधा दिसला. सायकल कधीतरी मोडली होती. आम्हां भावांना हे ठाऊक नव्हते.

आईला विचारले. ती बराच वेळ सांध्यावरून बोट फिरवीत राहिली. मग म्हणाली, "१९७९ च्या थंडीतली गोष्ट. पहाटेचा अंधार, सायकलीला दिवा नाही. मंडईच्या वळणावर मेथीची पाटी घेऊन चाललेल्या एका बाईला तुमच्या बाबांनी धडक दिली. तिचा हात मोडला. आणि हे सायकल उचलून पळून आले." त्याच दिवशी त्यांनी नळा झाळून घेतला आणि रात्री कंदिलाच्या उजेडात काळ्यावर हिरवा रंग फासला. कोणी सायकल ओळखू नये म्हणून. तीन आठवडे ते दुसऱ्या बाजूने मंडईत शिरत होते. मग एके दिवशी आपणहून त्या बाईपुढे जाऊन उभे राहिले. तिचा हात बरा होईपर्यंत पगारातून पैसे दिले, आणि पुढे कित्येक वर्षे स्वतःची पोती भरण्याआधी तिच्या पाट्या तिच्या जागेपर्यंत पोहोचवल्या.

भाऊ म्हणाला, "हा सांधा उघडाच राहू दे. वर नुसते वॉर्निश मारू. बाबांची खरी ओळख हीच आहे." आई म्हणाली, "झाका. फेडलेले कर्ज कोणी दारावर लिहून ठेवत नाही." आणि दोघेही माझ्याकडे पाहू लागले.

संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात एक भेद केला होता: असत्य बोलणे कधीच योग्य नाही, मात्र सत्य विवेकाने झाकून ठेवणे नेहमीच असत्य ठरत नाही. सेमिनरीत शिकलेला हा भेद मला त्या सांध्याशी नीट उमगला. बाबांचा हिरवा रंग झाकत होता म्हणून खोटा नव्हता. ज्या बाईला सत्य कळण्याचा हक्क होता, तिच्यापासूनच तो झाकत होता. म्हणून तो खोटा होता. शिवाय तो गंजावर चढवलेला होता. ओल आणि हवा पोहोचली की गंज रंगाखालीही पसरत राहतो. तेव्हा झाकण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: खालचे काम पुरे झाले आहे का? आणि ते पाहण्याचा कोणाचा हक्क उरला आहे का?

हा दुसरा प्रश्न मंडईलाही लागू पडतो. 1886 मध्ये ही इमारत गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने 'रे मार्केट' म्हणून उघडली. जोतीराव फुले 1876 ते 1882 या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. मंडईवरील मोठ्या खर्चाला त्यांनी विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळावा, असे त्यांचे मत होते. आज त्याच इमारतीला महात्मा फुले यांचे नाव आहे. ते योग्यच आहे. पण नव्या नावाखाली त्यांचा विरोध झाकला जाऊ नये. शहराच्या गोष्टीवर सर्वांचा हक्क असतो. एका माणसाने फेडलेल्या अपराधावर तसा सर्वांचा हक्क नसतो.

भावाचा आक्षेप मात्र मला टाळता आला नाही. "सगळे झाकले तर आमच्या मुलांना आजोबा निष्कलंकच वाटतील," तो म्हणाला, "आणि स्वतः चुकली की त्यांना वाटेल, या घरात पडलेले आपण एकटेच." त्याचे म्हणणे खरे होते. पण त्यावरचा उपाय प्रदर्शन नव्हे, सांगणे हा आहे. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला सांधा दिसण्याची गरज नाही. नातवंडांना मात्र तो ठाऊक असायला हवा. आईने हे मानले. येथे लिहिण्याचीही परवानगी तिने दिली, एका अटीवर. "पळाले ते लिही, पण परत गेले तेही लिही."

आम्ही धातू लागेपर्यंत गंज काढला. रेड ऑक्साइडचे दोन हात आणि काळ्या इनॅमलचे तीन पातळ हात दिले; प्रत्येक हातानंतर एक दिवस वाळू दिले. सांध्यावर लांबी भरली नाही. तो आता डोळ्याला दिसत नाही, बोटाला मात्र लागतो.

आणि शेवटी भावाने पुढे दिवा बसवला.