खरेदीखताबाहेरचे आश्रित

घर विक्रीस काढणाऱ्या गृहस्थाला दलाल जो पहिला उपदेश करतो तो बहुधा भिंतींना रंग देण्याचा असतो, आणि त्या घरात कुत्रे किंवा मांजर असेल तर दुसरा असा असतो की, गिऱ्हाईक पाहावयास येईल त्या वेळी ते जनावर दृष्टीस पडता कामा नये. त्याची थाळी, त्याचे अंथरूण, दाराच्या चौकटीवरचे त्याचे ओरखडे आणि त्याचा वास यांपैकी काहीही मागे उरता कामा नये. हा उपदेश व्यवहारदृष्ट्या निर्दोष आहे आणि मी त्याची थट्टा करू इच्छीत नाही. परंतु त्याच्या पोटात दोन धर्मप्रश्न आहेत. ज्या घरात एक जीव दहा-बारा वर्षे वावरला त्या घराने, तो येथे कधी नव्हताच, अशी साक्ष द्यावी काय, हा एक; आणि घर दुसऱ्याच्या स्वाधीन झाल्यावर त्या जिवाचे काय, हा दुसरा. दोन्ही प्रश्नांत त्या जिवाला जमेस धरावयाचे की नाही एवढेच विचारलेले असते, आणि पहिल्याचे उत्तर ज्याने टाळले त्याला दुसऱ्याचेही टाळण्याची सवय लवकर लागते.

हैदराबादेतील आबिड्स या पेठेत हे प्रश्न हल्ली वारंवार उपस्थित होतात. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या पदरी असलेल्या अल्बर्ट आबिद नामक आर्मेनियन गृहस्थाच्या दुकानावरून तिचे नाव पडले. दुकान गेले, नाव राहिले, आणि खरेदी-विक्री तर कधी थांबलीच नाही. निजामी अमदानीत वकिलीसाठी, सरकारी चाकरीसाठी किंवा शिक्षणासाठी मराठवाड्यातून आलेली मराठी घराणी सुलतान बाजार, इसामिया बाजार, काचीगुडा या भागांत आणि थोडीफार आबिड्सच्या मागील गल्ल्यांत स्थिरावली. १९०७ साली त्यांनी विवेकवर्धिनी शाळा उभी केली. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेने औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि त्या जिल्ह्यांतून आलेल्यांची घरे मात्र इकडे राहिली. आता त्या घरांतील नातवंडे पुण्यास किंवा परदेशी असतात, मागे राहिलेल्या वृद्धांनी मकान विकून मुलांकडे यावे असा कौटुंबिक ठराव होतो, आणि त्या ठरावात मांजराचे मत घेतलेले नसते.

येथे एक स्थानिक भेद ध्यानात घेतला पाहिजे. सदनिका विकावयाची असेल तर दलालाचा उपदेश लागू पडतो, कारण घेणारा तिच्यात राहणार असतो. उलट जुने बैठे घर घेणारा बहुधा इमारती बांधणारा असतो. तो जागा किती गज आहे आणि रस्ता किती रुंद आहे एवढेच पाहतो, घराला कसला वास येतो याची त्याला यत्किंचितही पर्वा नसते, कारण ते घर तो पाडणारच असतो. म्हणजे एका ठिकाणी प्राण्याची खूण पुसावयाची, आणि दुसऱ्या ठिकाणी खुणेसकट त्याचे जगच उलथून टाकावयाचे.

प्रथम सदनिकेचा विचार करू. मनूने सांगितलेल्या दहा धर्मलक्षणांत शौचाची गणना आहे आणि सत्याचीही आहे. त्यामुळे घर झाडूनपुसून, चुना-रंग देऊन, ओरखडलेली चौकट सुताराकडून दुरुस्त करून ते परक्याच्या डोळ्यांपुढे ठेवण्यात काडीमात्र अधर्म नाही. अडचण येते ती वासाच्या बाबतीत. मांजराच्या मूत्रातील यूरिक आम्लाचे स्फटिक पाण्याने सहसा विरघळत नाहीत. शहाबादी फरशीच्या सांध्यांत ते एकदा मुरले की फिनेलचा उग्र दर्प त्यांना काही दिवस झाकतो, नाहीसे करीत नाही, आणि हवेत दमटपणा आला की तोच वास पुन्हा उठतो. सांधे उकरून नवे भरणे, किंवा ज्यातील विकरे त्या द्रव्याचे विघटन करतात अशा द्रावणाने फरशी धुणे, हा खरा उपाय आहे, परंतु त्याला वेळ आणि पैसा लागतो. म्हणून चतुर माणूस घर एप्रिलच्या रखरखीत उन्हात दाखवितो. एप्रिलमध्ये जे घर मौन पाळते ते जुलैमध्ये बोलू लागते, आणि तोवर दस्तऐवजाची नोंदणी झालेली असते.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमाने विक्रेत्यावर असे बंधन घातले आहे की, मालमत्तेतील जो महत्त्वाचा दोष त्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साधारण सावधगिरीने कळण्यासारखा नाही, तो त्याने उघड केला पाहिजे. मांजराचा वास या व्याख्येत बसतो की नाही यावर वकिलांनी खुशाल वाद घालावा. धर्माच्या दृष्टीने मला त्यात संदेह वाटत नाही. हैदराबादेसारख्या शहरात तर नाहीच नाही, कारण येथे घेणाऱ्याची श्रद्धा कोणती हे आधी सांगता येत नाही. मांजर ही तुमच्या घरात वावरणाऱ्यांपैकीच आहे, सबब तिचे उष्टे अपवित्र नव्हे, असा पैगंबरांचा निर्वाळा हदीसमध्ये आहे. पण कुत्र्याने तोंड घातलेले भांडे सात वेळा धुवावे, असेही तेथेच सांगितले आहे. आमच्याकडील सोवळ्याओवळ्याच्या आजीबाईही स्वयंपाकघरात कुत्र्याचे पाऊल सहन करीत नसत. या समजुती मला मान्य आहेत की नाहीत हा प्रश्न गैरलागू आहे. ज्याला त्या पाळावयाच्या आहेत त्याला पाळण्याची संधी मिळाली पाहिजे, आणि ती संधी फिनेलच्या बाटलीने हिरावून घेणे हे मला साध्या भावाच्या घासाघिशीपेक्षा गंभीर वाटते.

आता दुसरा प्रश्न. आपल्या जुन्या मराठी खरेदीखतांत चतुःसीमा सांगून झाल्यावर जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह मिळकत दिली, असा मजकूर येतो. आणि उपर्युक्त कायद्याचे आठवे कलम घरासोबत कुलुपे, किल्ल्या, गज, दारे, खिडक्या हेही घेणाऱ्याकडे जातात असे सांगते. जमिनीखालच्या न सापडलेल्या ठेव्याचीसुद्धा ज्यांनी आठवण ठेवली त्या मसुदेकारांना माळ्यावर व्यालेल्या मांजरीची आठवण झाली नाही. तिची त्या भिंतीवरील वहिवाट पिढ्यान्‌पिढ्यांची असेल, पण वहिवाट सिद्ध करण्यास वीस वर्षांचा अखंड उपभोग आणि एक साक्षीदार लागतो, आणि मांजरे साक्षीला उभी राहत नाहीत.

कायदा जेथे गप्प बसतो तेथे बृहदारण्यक उपनिषद मात्र बोलते. त्याच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या ब्राह्मणात असे प्रतिपादन आहे की हा गृहस्थ आत्मा सर्व भूतांचा लोक आहे: होम-यजनाने देवांचा, अध्ययनाने ऋषींचा, पिंडदान आणि संततीच्या इच्छेने पितरांचा, आणि त्याच्या घरी श्वापदे, पक्षी, इतकेच नव्हे तर मुंग्यांपर्यंतचे जीव उपजीविका करतात म्हणून त्या जिवांचाही. या विचाराची खोली अशी की, येथे लोक ही संज्ञा घराला दिलेली नसून गृहस्थाला दिलेली आहे. घर विकता येते. परंतु जो स्वतःच दुसऱ्याचा लोक आहे त्याला आपले लोकत्व दस्तऐवजाने फिरवून देता येत नाही, ते त्याच्याबरोबर नव्या पत्त्यावर जाते. मुद्रांकशुल्क कितीही भरले तरी ही जबाबदारी बोजा म्हणून त्याच्याच नावावर राहते. आधुनिक कायद्याला याची अंधुक जाणीव आहे: १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमाप्रमाणे पाळीव प्राण्याला उपासमारीच्या स्थितीत वाऱ्यावर सोडणे हा गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये आहे.

महाभारतात या संदर्भात दोन कथा आहेत, आणि दोहोंत व्यवहारी सल्ला देणारा इंद्रच आहे. महाप्रस्थानिक पर्वात तो युधिष्ठिराला सांगतो की कुत्रे बाळगणाऱ्याला स्वर्गात जागा नाही, सबब या कुत्र्याला सोड, यात निर्दयपणा नाही. तू भाऊ सोडलेस, द्रौपदी सोडलीस, मग याचेच काय? युधिष्ठिराचे उत्तर एखाद्या मुरलेल्या मुन्सिफाला शोभणारे आहे: ती सर्व मृत झाल्यावर मी पुढे निघालो, जिवंतपणी कोणाचाही त्याग केला नाही. ही कथा सर्वांना ठाऊक असते. अनुशासन पर्वातील पोपटाची कथा तितकी ठाऊक नसते. व्याधाचा विषारी बाण लागून एक महावृक्ष वाळला, त्याच्या ढोलीतला पोपट मात्र जागा सोडीना. तेव्हा ब्राह्मणवेषाने इंद्र आला आणि फळापानांनी भरलेली इतकी झाडे असताना हे शुष्क लाकूड का धरून बसलास, असे विचारू लागला. पोपट म्हणाला की मी येथेच जन्मलो, वाढलो, शत्रूंपासून याने माझे रक्षण केले.

कुत्र्याची कथा माणसाला धरून राहणाऱ्याची आहे, पोपटाची स्थळाला धरून राहणाऱ्याची. कुत्र्याच्या बाबतीत धर्मनिर्णय सरळ आहे: जेथे धनी तेथे तो, आणि ज्या सोसायटीत त्याला मज्जाव असेल ती सोसायटी, स्वर्ग असली तरी, घेऊ नये. मांजराची जात पोपटाची. नव्या घरी नेलेली मांजर जुन्या घराकडे परत फिरते याचा अनुभव पुष्कळांना आहे, आणि आबिड्समध्ये ती परत येईल तेव्हा तेथे तळघरासाठी खणलेला खड्डा असेल. इंद्राने अखेर त्या वृक्षावर अमृत शिंपडले. आपल्यापैकी कोणाजवळ ते नाही.

यावर वेदान्ती आक्षेप घेईल की हा सारा मोहाचा पसारा आहे, आणि तो भागवताच्या पाचव्या स्कंधातील भरतराजाकडे बोट दाखवील, जो राज्य टाकून अरण्यात गेला आणि हरिणाच्या पाडसात गुंतल्यामुळे मृगयोनीत जन्मला. आक्षेप वजनदार आहे. परंतु ती कथा नीट पाहिली तर शरणागताची उपेक्षा करणे दोषास्पद आहे हा विचार भरताच्याच मनात आलेला दिसतो, आणि भागवतकार त्या विचाराचा धिक्कार करीत नाही. घात झाला तो त्या पाडसाच्या चिंतनापुढे नित्यसाधना लोपली म्हणून. विरक्ती साधावयाची असेल तर ती घराविषयी साधावी. आश्रिताला रस्त्यावर ठेवून साधलेल्या विरक्तीस हैदराबादी बोलीत जो शब्द आहे तो येथे लिहिण्यासारखा नाही.

मग मांजरीसाठी कर्तव्य काय? येथे धर्म एकदम बारीकसारीक होतो, आणि मला तो तसा झालेलाच आवडतो. सामान हलविण्याच्या आधी तिला बंद टोपलीची सवय लावावी. नव्या घरी दोन-तीन आठवडे तिला बाहेर न सोडता आरंभी एकाच खोलीत ठेवावे. आणि तिचे जुने अंथरूण न धुता तिच्यापाशी टाकावे, कारण ज्या वासाने घराची किंमत उतरते त्याच वासाने तिला आपले ठिकाण कळते. जी मांजर म्हातारी आहे, किंवा हाती लागतच नाही, तिच्यासाठी शेजारचे एखादे दार आधीच मोकळे करून घ्यावे.

राहता राहिली फाटकाबाहेरची कुत्री, ज्यांना रात्रीच्या उरलेल्या भाकरीपलीकडे या घराने काही दिले नाही. ती आमची नव्हेत, असे म्हणण्याचा मोह होतो. पण हस्तिनापुराहून पांडवांच्या मागे निघालेले कुत्रेही कोणी पाळलेले नव्हते. ते नुसते मागे चालत आले होते. म्हणून त्यांच्या भाकरीची तजवीज, शेजाऱ्याशी बोलून वा पैसे ठेवून, विसार घेण्यापूर्वी करावी. नोंदणी झाल्यावर त्या फाटकाशी उभे राहून काही सांगण्याचा विक्रेत्याला अधिकार उरत नाही.