बरोबर असेलच, ही समजूत

लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात खेड्यातील मंडळीने मोठ्या शहरी केलेल्या प्रवासाची हकीकत आहे. नासरेथचे लोक वल्हांडण सणासाठी यरुशलेमास गेले होते. सण आटोपून एक दिवसाची वाट परत चालून झाली, तेव्हा मरीया व योसेफ यांस कळले की, आपला बारा वर्षांचा मुलगा जथ्यात नाही. पुढे तीन दिवसांनी तो मंदिरात सापडला. हे आईबाप धर्मशील होते, प्रेमळ होते, आणि त्यांच्या भोवती सारे आप्त व ओळखीचेच लोक होते. तो कोणाबरोबर तरी असेलच, असे त्यांनी धरून चालले, आणि दिवसभर कोणी पाहिले नाही.

वाचकहो, तरुण संघास शहर दाखवावयास नेणाऱ्या प्रत्येक मंडळीने या समजुतीचा विचार करावा. कोणी म्हणेल, “आम्ही प्रार्थना करून निघतो, मग डोकी मोजीत बसणे हा अविश्वास नव्हे काय?” परंतु मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असे प्रभूस सांगणारा कोण होता, हे आपणांस ठाऊक आहे. ज्याची काळजी वाहणे आपल्या हाती दिले आहे, ते देवावर ढकलणे यास विश्वास म्हणता येत नाही.

खेड्यातील माणसास वाटते की, मोठे शहर मुंबईस पोचल्यावर सुरू होते. परंतु कर्जतकडून येणाऱ्या संघास ते वाटेतच भेटते. बदलापूर व अंबरनाथ ही एके काळची लहान गावे. उल्हासनगर हे फाळणीनंतर कल्याणच्या छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी वसविलेले व १९४९ साली नाव मिळालेले शहर. आज या ठिकाणांहून दररोज सकाळी माणसांचा लोंढा मुंबईकडे निघतो. लोकल गाडी फलाटावर अर्धा मिनिट थांबते न थांबते, तेवढ्यात वीस मुले चढावयाची असतात. ९ जून २०२५ रोजी याच मार्गावर मुंब्रा स्थानकाजवळ, भरलेल्या गाड्यांच्या दारांत उभे असलेले प्रवासी रुळांवर पडले व किमान चौघांनी प्राण गमावले. म्हणून गर्दीची वेळ टाळावी. पाच-सहा मुलांमागे एक मोठे माणूस नेमावे आणि त्याची मुले कोणती, हे नावानिशी ठरवावे. एकाने सर्वांच्या आधी चढावे, एकाने सर्वांच्या शेवटी. जो फलाटावर राहिला त्याने धावत्या गाडीमागे न धावता तेथेच उभे राहावे. जो गाडीत राहिला त्याने पुढील स्थानकावर उतरून थांबावे. दूरध्वनीचा क्रमांक कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात द्यावा, कारण मोबाइल बंद पडतो व चोरीसही जातो. रेल्वेचा १३९ व बालकांच्या मदतीचा १०९८ हे क्रमांक मुलांना तोंडपाठ असावेत.

येथवर कोणाची हरकत असणार नाही. हरकत पुढे येते. परक्यापासून जपावे हे सर्वांस पटते. आपल्याच माणसांसाठी नियम केला की मन दुखावते. परंतु ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात काय घडले ते आठवावे. शाळेतच, शाळेच्या नोकराकडून, दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. २० ऑगस्ट रोजी संतप्त लोक रुळांवर उतरले व कित्येक तास गाड्या बंद पडल्या. मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली आणि शाळा व पोलीस या दोघांसही दोष दिला. शाळेच्या दारापाशी आईबाप निश्चिंत होऊन परतले होते. तेथे पाहणारे कोणी तरी असेलच, असेच त्यांस वाटले असणार.

म्हणून शहरात मुक्काम असता मुलांची व मुलींची निजण्याची सोय वेगळी असावी, प्रत्येक ठिकाणी दोन मोठी माणसे असावीत, आणि कोणीही मोठे माणूस, मग तो पाळक का असेना, एकट्या मुलाबरोबर बंद दाराआड असू नये. हा नियम भल्या माणसाचा अपमान आहे काय? आपल्या मंडळीत शब्बाथाचे दान दोघे मिळून मोजतात. खजिनदार त्याने रागावत नाही. उलट त्याचे नाव त्यामुळेच निष्कलंक राहते. जी सावधगिरी आपण पैशासाठी घेतो, ती लेकरांसाठी घेताना संकोच का वाटावा?

मुलांसही सांगावे की, वडील माणसांची आज्ञा पाळणे योग्य असले तरी, अंगास नको तो स्पर्श करणाऱ्याची आज्ञा पाळणे कर्तव्य नाही. ओरडावे, पळावे, येऊन सांगावे. आणि मूल सांगू लागले म्हणजे त्यास गप्प करू नये. १८ वर्षांखालील बालकांच्या संरक्षणाचा २०१२ चा कायदा, म्हणजे पॉक्सो, असा आहे की, असा अपराध कळल्यावर तो पोलिसांस कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा अपराध कळविला नाही, तर त्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मंडळीचे नाव राखण्यासाठी घरातल्या घरात मिटविणे म्हणजे त्या लेकरास दुसऱ्यांदा टाकून देणे होय.

इतके ऐकून कोणी म्हणेल, “मग नेऊच नये, निदान मुलींना तरी घरी ठेवावे.” हा उपाय सोपा आहे, पण न्यायाचा नाही. अपराध करणारा मोकळा हिंडावा आणि जिच्यावर अपराध होईल तिने घरात कोंडून राहावे, ही रीत आपण का चालवावी? शिवाय, तो बारा वर्षांचा मुलगा सापडला तेव्हा गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता, प्रश्न विचारत होता. शहरात शिकण्याजोगे पुष्कळ असते, आणि ते आपल्या मुलामुलींच्या वाट्यास आले पाहिजे.

तर पुढील प्रवासापूर्वी प्रत्येक मंडळीने पंचांच्या सभेत केवळ भाड्याचा व शिदोरीचा हिशेब करून उठू नये. कोणती मुले कोणाच्या हाती, रात्री कोण जागणार, आणि मुलाने काही सांगितले तर ऐकून घेणारा कोण, ही नावे वहीत लिहावीत व आईबापांस वाचून दाखवावीत. ज्याचे नाव लिहिले जाईल, त्यास तरी दुसरे कोणी पाहत असेल असे म्हणण्यास जागा राहणार नाही.