देवाने घेतलेली पावती



मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपण कीर्तनातून अनेकदा ऐकली आहे. दुष्काळात त्यांनी बादशाही धान्याची कोठारे भुकेल्यांस मोकळी केली, आणि बेदरच्या बादशहाने त्यांस धरून आणण्याची आज्ञा दिली. पंत वाटेत असतानाच पांडुरंगाने विठू महाराचे रूप घेऊन दरबारात धान्याची किंमत भरली. येथे आपण गहिवरतो, आणि पुढील गोष्टीकडे आपले लक्ष जात नाही. पैसे भरून देव तसाच परतला नाही. त्याने रीतसर पावती घेतली व ती पंतांपर्यंत पोहोचविली. त्रैलोक्याच्या धन्यानेही जेथे कागदाचा मान राखला, तेथे आपण प्रापंचिकांनी कागद पाहून डोळे मिटावे काय?

हे लिहिण्यास कारण घडले. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांवर कर्जाचा दावा झाला. न्यायालयाचे समन्स आले, ते त्यांनी न उघडता देव्हाऱ्यात, देवाच्या पायाशी ठेवले. घरात कोणास सांगितले नाही. कर्जातील बरीच रक्कम त्यांनी फेडली होती, पण हे न्यायाधीशांस सांगण्यास त्या दिवशी कोणीच उभे नव्हते. एकतर्फी हुकूमनामा झाला. नवरात्रापूर्वी देव्हारा आवरताना तो लिफाफा पत्नीच्या हाती लागला, तेव्हा मुदत टळून गेली होती. त्या माउलीचे एकच वाक्य आमच्या मनातून जात नाही : “मला सांगितले असते, तर मी बरोबर आले असते.”

देवऋण, ऋषिऋण व पितृऋण घेऊनच मनुष्य जन्मास येतो, असे आपली शास्त्रे सांगतात. तेव्हा ऋणी असणे ही लाज नव्हे. ऋण लपविण्याने मात्र घर बुडते. “वकिलास देण्यास पैसा कोठून आणावा?” हे या लपविण्याचे नेहमीचे कारण. त्याचे उत्तर आपल्या राज्यघटनेनेच दिले आहे. १९७६ च्या घटनादुरुस्तीने गरिबांस विनामूल्य विधिसाहाय्य देणे हे राज्याचे कर्तव्य ठरले, आणि त्यासाठी केलेला १९८७ चा कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्यान्वये प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण आहे. आपल्या माळव्यात त्यास विधिक सेवा प्राधिकरण म्हणतात. तेथे अर्ज केल्यास पात्र व्यक्तीस वकील मिळतो व न्यायालयीन खर्चही भागविला जातो. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंगत्व असलेले, कारखान्यातील कामगार, आपत्तिग्रस्त व कोठडीत असलेले यांस उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी राज्याने उत्पन्नाची मर्यादा ठरविलेली आहे. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही विचारता येते.

मात्र विलंब नको. दिवाणी दाव्यात समन्स हाती पडल्यापासून सामान्यतः ३० दिवसांत लेखी कैफियत द्यावी लागते. कर्जाचा करारनामा, भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या, बँकेचे पासबुक व आलेल्या नोटिसा एका पिशवीत घालून प्रथम तेथे जावे. सावकार अथवा बँक तडजोडीस तयार असेल, तर लोकअदालतीचा मार्ग आहे. दाव्यापूर्वीही तेथे जाता येते, आणि चालू दावा तेथे मिटल्यास भरलेली कोर्ट फी परत मिळते. परंतु तेथील निवाड्यावर अपील नसते. म्हणून झेपेल तेवढाच हप्ता कबूल करावा.

आणि शेजारधर्म आमचाही आहे. कोणाच्या घरी असा लिफाफा आल्याचे कळले, तर त्याची चर्चा करू नये. त्याच्यासोबत न्यायालयाची पायरी चढावी. देव दामाजींसाठी स्वतः दरबारात गेला होता. त्याच्या भक्तांस जिल्हा न्यायालयापर्यंत चालत जाणे जड वाटू नये.

देवाच्या पायाशी चिंता ठेवावी. समन्स उघडून वाचावे.

॥ श्रीपांडुरंगार्पणमस्तु ॥