तलफ आणि टेन्शन

चिंता आणि तलफ यांच्या शरीरातल्या खुणा जवळजवळ सारख्याच असतात. छातीत धडधड, हाताला बारीक कंप, एका जागी बसवत नाही, कुणी हाक मारली तरी चिडचिड, कामात लक्ष नाही. यातले घरच्या काळजीने आलेले कोणते आणि शेवटच्या सिगारेटला दोन तास उलटून गेल्यामुळे आलेले कोणते, हे ज्याला होते त्यालाही सांगता येत नाही. मुंबईच्या बोलीने दोन्हींसाठी एकच शब्द पत्करला आहे: टेन्शन. ‘टेन्शन आले की एक मारतो’ या वाक्यात धूम्रपान आणि चिंता यांच्या नात्याबद्दलचा बहुतेक गोंधळ सामावलेला आहे.

माझगावात हा गोंधळ दिवसभर पाहायला मिळतो. माझगाव डॉकच्या पाळीवरून सुटलेला फिटर, भाऊच्या धक्क्यावर पहाटेपासून मासळीच्या टोपल्या वाहणारा हमाल, जीएसटी भवनातला कारकून आणि कोर्टात तारखेला येऊन पुकाऱ्याची वाट पाहणारा पक्षकार अशी सगळी माणसे कधी ना कधी पानाच्या गादीपाशी येतात. चौघांच्या काळज्या चार तऱ्हेच्या. पहिल्या झुरक्यानंतर चेहऱ्यावर येणारा निवांतपणा मात्र एकाच जातीचा असतो, कारण त्याचा त्या काळज्यांशी फारसा संबंध नसतो.

झुरका घेतल्यावर १० ते २० सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचते. असिटिलकोलिन या नैसर्गिक संदेशवाहकासाठी असलेल्या ग्राहींवर ते जाऊन बसते, डोपामिन स्रवते, क्षणभर बरे वाटते. रोजच्या माऱ्याने हे ग्राही बधिर होतात आणि मेंदू त्यांची संख्या वाढवतो. रक्तातले निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येते. मग वाढलेले ग्राही रिकामे पडतात आणि बेचैनी सुरू होते. पुढची सिगारेट ही बेचैनी शमवते. घरभाडे, मुलाची फी किंवा साहेबाचा स्वभाव यांवर तिचा काहीच इलाज चालत नाही. सावकाराने आपणच चढवलेल्या व्याजातले थोडे सोडावे आणि ऋणकोने त्यालाच दुवा द्यावा, तसा हा व्यवहार आहे.

शरीराची साक्षही याच बाजूची आहे. निकोटिनने नाडीचा वेग आणि रक्तदाब वाढतो, म्हणजे शरीर उत्तेजित होते, आणि ओढणारा मात्र शांत वाटल्याचे सांगतो. १९७३ मध्ये पॉल नेस्बिट यांनी या विसंगतीवर लिहिले, तेव्हापासून तिला त्यांचेच नाव चिकटले आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ अँड्रयू पॅरट यांनी १९९९ मध्ये तिचा सरळ उलगडा मांडला. नियमित ओढणाऱ्याचा दिवसभरातला ताण न ओढणाऱ्यापेक्षा थोडा जास्तच असतो. सिगारेट त्याला न ओढणाऱ्याच्या पातळीपर्यंत आणून सोडते, तेही थोड्या वेळापुरते. दुसऱ्या माणसाला जे फुकट मिळते, ते हा दिवसातून दहा वेळा विकत घेत असतो.

मुंबईत या चर्चेतून धूर नसलेली तंबाखू वगळता येत नाही. कापसाच्या गिरणीत आणि गोदीत आगीच्या भयाने विडी पेटवायला मज्जाव असे. गालात धरलेल्या तंबाखूला काडी लागत नाही, हात मोकळे राहतात, मुकादमाला दिसतही नाही. नव्वदच्या दशकात मुंबई शहरातल्या पस्तिशीपुढच्या ९९,५९८ लोकांची पाहणी झाली. तीत ६९.३ टक्के पुरुष आणि ५७.५ टक्के बायका कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेणाऱ्या निघाल्या, आणि बायकांची जवळजवळ सगळी तंबाखू बिनधुराची होती. पुढे २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेणारे आढळले. ओढणारे एकूण प्रौढांत फक्त ३.८ टक्के. मिश्री लावल्याशिवाय डोके हलके होत नाही म्हणणारी आजी आणि सिगारेटशिवाय डोके चालत नाही म्हणणारा तिचा नातू एकाच रसायनाबद्दल बोलत असतात. सकाळपर्यंत रात्रीचे निकोटिन उतरलेले असते, म्हणून दिवसाची पहिली मिश्री आणि पहिली सिगारेट सर्वांत गुणकारी वाटते. आजीला नातवाच्या सिगारेटचा राग येतो, ही गोष्ट वेगळी.

याचा अर्थ खरी चिंता नसतेच असा नाही. चिंतेचा किंवा नैराश्याचा आजार असलेल्या लोकांत तंबाखूचे प्रमाण इतरांहून जास्त आढळते, आणि दोन्ही दिशांनी वाट वाहती असते: चिंतातुर माणूस तंबाखूकडे लवकर वळतो आणि वळल्यावर तंबाखू त्याच्या चिंतेत आपली भर घालते. तो सोडायला निघाला की घरचेच म्हणतात, ‘आत्ता नको, आधीच टेन्शनमध्ये आहे.’ हा सल्ला मायेचा असला तरी चुकीचा आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१४ साली २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सोडलेल्यांची चिंता, नैराश्य आणि ताण ही तिन्ही, ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत, कमी झालेली दिसली, आणि मानसिक आजार असलेल्यांतही चित्र असेच होते. सोडल्यामुळे बरे वाटले की बरे वाटू लागलेल्यांनाच सोडणे जमले, ही शंका अशा अभ्यासांत पूर्णपणे फिटत नाही. पण सिगारेट सुटली की चिंता कायमची वाढते, या समजुतीला त्यांत कुठेच आधार सापडत नाही.

वाढते ती काही दिवसांपुरती. शेवटच्या सिगारेटनंतर काही तासांत बेचैनी सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती टोकाला जाते आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरते. चिडचिड, झोपमोड, वाढलेली भूक आणि चिंता ही सगळी याच काळातली. तिसऱ्या दिवशी हार मानणाऱ्याला वाटते, सिगारेटशिवाय आपण असेच राहणार. चढणीच्या सर्वांत उभ्या टप्प्यावरून तो मागे फिरलेला असतो.

याच दिवसांत चहा एक खोडी करतो, आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. तंबाखूच्या धुरातल्या काही द्रव्यांमुळे यकृतातले एक विकर जास्त काम करू लागते, आणि कॅफिन मोडून टाकण्याचे काम त्याच विकराकडे असते. ओढणाऱ्याच्या अंगात म्हणून कॅफिन टिकत नाही. दिवसाला सात-आठ कटिंग त्याला सहज पचतात. धूर थांबला की काही दिवसांत हे विकर पूर्वपदावर येते, कॅफिन रेंगाळू लागते आणि त्याच सात-आठ कटिंगनी रक्तातले त्याचे प्रमाण दुपटीपर्यंत चढू शकते. मग धडधड, कंप, रात्रभर जाग. सगळा दोष सोडण्यावर जातो, चहाकडे कुणी पाहत नाही. सिगारेट सोडताना चहा निम्मा करावा, हा साधा सल्ला अनेकांचा पहिला आठवडा सुसह्य करील. क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही मानसोपचारातली औषधे मोडण्यातही याच विकराचा मोठा वाटा आहे, म्हणून ती घेणाऱ्याने धूम्रपान सोडण्याआधी डॉक्टरांना सांगणे आवश्यक ठरते. मात्रा त्यानुसार कमी करावी लागते. तंबाखू चघळणाऱ्याला यातले काही लागू नाही, कारण ही करामत निकोटिनची नसून धुराची आहे.

गांजाचे गणित याहून गुंतागुंतीचे आहे. त्यातले मुख्य द्रव्य टीएचसी १९६४ साली राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी इस्राएलमध्ये वेगळे केले. त्याच्यासारखे काम करणारे मेंदूतले स्वतःचे द्रव्य १९९२ मध्ये सापडले, आणि त्याचे नाव ‘आनंद’ या संस्कृत शब्दावरून ॲनंडमाइड ठेवले गेले. नावाइतके काम सरळ नाही. थोड्या मात्रेत टीएचसी मन सैल करते, जास्त मात्रेत तेच भीती निर्माण करते. नाडी धावते, आपल्याकडे सगळे पाहत आहेत असे वाटते, आता मरतो असा घबराटीचा झटकाही येतो. होळीला भांग पिणाऱ्याची फसगत यातूनच होते. पोटात गेलेली भांग चढायला अर्धा ते दोन तास लागतात. ‘काहीच होत नाही’ म्हणून दुसरा पेला घेतला जातो आणि मग दोन्ही एकदम चढतात. हृदयविकाराचा झटका समजून इस्पितळ गाठणाऱ्यांत असेही असतात.

गांजा आणि मन यांचा वाद मुंबईला नवा नाही. ब्रिटिश पार्लमेंटातल्या प्रश्नावरून १८९३ मध्ये नेमलेल्या भारतीय भांग-गांजा आयोगाने देशभर फिरून ११९३ साक्षी नोंदवल्या आणि वेड्यांच्या इस्पितळांच्या वह्या तपासल्या. वेडाचे कारण म्हणून ‘गांजा’ लिहिलेल्या अनेक नोंदींमागे कसली चौकशीच झाली नव्हती. रुग्णाला आणून सोडणाऱ्या पोलिसाच्या कागदावरून तो शब्द उतरवून घेतलेला होता. बेताच्या सेवनाने मनावर अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, असा आयोगाचा १८९४ चा निष्कर्ष होता. आजचे ज्ञान त्यापुढे गेले आहे: कोवळ्या वयात सुरू केलेला, रोजचा आणि तीव्र गांजा मनोविकाराची जोखीम वाढवतो. पण वहीत कारण कोण लिहितो, हा आयोगाचा प्रश्न अजून जुना झालेला नाही.

गांजा सोडतानाची चिंता १९९० नंतरच गंभीरपणे अभ्यासली गेली आणि २०१३ मध्ये अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात तिला स्वतंत्र जागा मिळाली. एक-दोन दिवसांत चिडचिड, अस्वस्थता, भूक मरणे, झोप न येणे आणि आली तर भडक स्वप्ने पडणे सुरू होते. पहिल्या आठवड्यात ते टोकाला जाते आणि साधारण दोन आठवड्यांत उतरते, झोप मात्र जास्त रेंगाळते. इथे एक स्थानिक अडचण आहे. आपल्याकडचा गांजा बहुधा तंबाखूत मिसळूनच चिलमीत किंवा सिगारेटच्या कागदात भरला जातो. फक्त गांजा सोडला म्हणणारा एकाच वेळी दोन द्रव्ये सोडत असतो, नाहीतर जॉइंटची जागा भरायला सिगारेटी वाढवतो. सिगारेट सोडून रात्रीचा एक जॉइंट ठेवणारा निकोटिनची उधारी चालूच ठेवतो आणि तलफेला गांजाची ओढ समजतो.

त्यात कायद्याची भीती मिसळते. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यानुसार गांजा बाळगणे आणि ओढणे दोन्ही गुन्हे आहेत; भांगेची पाने त्याच्या व्याख्येत येत नाहीत. गल्लीच्या तोंडाशी पुडी खिशात टाकून चालणाऱ्याला पाठीमागे कुणी आहे असे वाटते, त्यातले टीएचसीमुळे किती आणि चौकीमुळे किती, हे वेगळे काढता येत नाही. त्याच कायद्यात ६४-अ हे कलमही आहे: अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यातला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. हे कलम गल्लीत फारसे पोचलेले नाही.

उपचार माझगावपासून लांब नाहीत. भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग डॉ. मसानी यांनी १९३८ मध्येच सुरू केला होता. तंबाखू सोडवण्याची राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-११-२३५६ प्रत्येक पाकिटावर छापलेली असते. चिंतेचा आजार असलेल्यांना तंबाखू सोडवणाऱ्या गोळ्या देऊ नयेत, ही जुनी भीतीही बरीच निवळली आहे. २०१६ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या ८१४४ जणांच्या चाचणीत व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑनमुळे मानसिक त्रासात लक्षणीय वाढ दिसली नाही. निकोटिनचा दोन मिलिग्रॅमचा डिंक औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो. तो च्युइंगगमसारखा सतत चघळायचा नसतो. चव झोंबू लागली की गालात दाबून ठेवायचा, झोंबणे थांबले की पुन्हा चघळायचा. तंबाखूचा बार भरणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. मात्र त्याआधी पंधरा मिनिटे चहा-कॉफी किंवा सरबत घेतले असेल, तर तोंडातल्या आंबटपणाने निकोटिन नीट शोषले जात नाही आणि डिंक कुचकामी वाटतो.